मुंबईचे शिक्षण, कुंडलचा माळ

किर्लोस्कर हे नाव कानी पडले की आम्हा गाणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींना आधी आठवतात ते अण्णासाहेब. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचा संसार उभा राहिला. शेतकऱ्याला मात्र याच नावाने नांगर आठवतो, उसाचा चरक आठवतो, विहिरीवरचा पंप आठवतो. नाटकवाले किर्लोस्कर आणि नांगरवाले किर्लोस्कर एकाच घराण्यातले आणि एकाच गावचे. बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर हे ते गाव. अण्णासाहेबांच्या पदांनी या गावाला संगीताच्या इतिहासात जागा मिळवून दिली. परंतु त्याच गावातून निघून ज्यांनी मुंबई पाहिली, आणि मुंबईत शिकलेली विद्या उचलून एका ओसाड माळावर नेऊन ठेवली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आम्ही कलावंतांनी पाहिजे तितक्या आस्थेने वाचलेले नाही.

संगीत शिकवणाऱ्याने कारखानदाराच्या चरित्राला का हात घालावा, असे कोणी विचारील. त्याला कारणे दोन. माझे वडील दरबारी गवई. कोल्हापूर संस्थान १९४९ साली विलीन झाले, तरी सणावाराला राजवाड्यावर हजेरी लावण्याची रीत त्यांनी अखेरपर्यंत पाळली. आश्रय जिथे असतो तिथे विद्या जाते, आणि आश्रय हलला की विद्याही बिऱ्हाड हलवते, हे मी घरातच पाहिले. दुसरे कारण माझे आजोळ. ते खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीचे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरताना घाटमाथ्यावर हे गाव लागते. पाऊस मनस्वी, भोवती दाट रान, आणि मलप्रभेचा उगम गावातच. ही नदी पूर्वेकडे वाहत खानापूरवरून सौंदत्तीच्या मुलखात जाते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. गुर्लहोसूर याच नदीच्या खोऱ्यातले. तेव्हा लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना मला ते आमच्याच पाण्यावर वाढलेल्या माणसाचे वाटते, आणि मोठ्या शहराने भोवतालच्या मुलखाशी कसे वागावे हा प्रश्न त्यातून सारखा डोके वर काढतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातल्या मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी किंवा शास्त्राध्ययन करावे, ही त्या काळची सरळ वाट. लक्ष्मणाचे चित्त मात्र चित्रांत आणि यंत्रांत. शाळेच्या पुस्तकांत तो रमला नाही. अखेर घरच्यांची नाखुशी पत्करून १८८५ च्या सुमारास तो मुंबईला गेला आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागला.

ती मुंबई कशी होती हे ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेत पोहोचेना, आणि त्या चार वर्षांत आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. धारवाड-हुबळीकडचा कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जाई, तिथून गलबतांनी मुंबईला आणि मुंबईहून लँकेशायरला. पिकवणारा काळ्या मातीत, भाव ठरणार मुंबईत, कापड निघणार समुद्रापलीकडे. पुढे आगगाडी आली. बेळगावला १८८७ साली गाडी पोहोचली आणि वर्षभरात मार्मागोव्याच्या बंदरापर्यंत लोहमार्ग पुरा झाला. पण रुळांचे तोंड बंदराकडे होते. गाडीने माल लवकर जाऊ लागला एवढेच, मालाचे जाणे काही थांबले नाही. त्याच वाटेने हुशार मुलेही जाऊ लागली. लक्ष्मणराव त्यांपैकी एक.

कलाशाळेत असताना एक आपत्ती ओढवली. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, असे त्यांच्या लक्षात आले. चित्रकाराला याहून मोठा घाव कोणता? गवयाला श्रुती कळेनाशी व्हावी तसेच ते. परंतु रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणराव यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि त्यात इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत, जी १८८७ साली नुकतीच निघाली होती, त्यांना शिकवण्याचे काम मिळाले. वर्गात आराखडे काढून दाखवावेत आणि उरलेल्या वेळात कर्मशाळेत यंत्रे उघडून, जोडून, त्यांची भाषा शिकावी, असा त्यांचा क्रम होता. लेथ कसा चालतो, ओतकाम कसे करतात, मापाला केसभरही चूक का चालत नाही, हे सारे त्यांना मुंबईने शिकवले. मुंबईवाचून लक्ष्मणराव घडले नसते, हे आधी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शहराला नुसती दूषणे देऊन या विषयाचा उलगडा होत नाही.

पण मुंबईने शिकवले तरी बरोबरीची जागा दिली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

बेळगावात त्यांचे वडील बंधू रामूअण्णा होते. दोघा भावांनी १८८८ सालीच ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलींचे दुकान थाटले होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात, रामूअण्णांनी बेळगावात विकाव्यात, आणि घेणाऱ्याला पैसे घेऊन चालवायलाही शिकवावे. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून जाणाऱ्यांनी हे दोन भाऊ एकदा आठवावेत. परंतु या धंद्यात विलायती माल मुंबईच्या धक्क्यावर उतरवून आतल्या मुलखात पोहोचवणे याहून जास्त काही नव्हते. नफा मिळे, विद्या वाढत नसे. लक्ष्मणराव बेळगावला कायमचे आले तेव्हा त्यांनी दुकानाला लहानशा कर्मशाळेची जोड दिली आणि भोवतालच्या शेतकऱ्याला काय हवे याचा शोध सुरू केला.

पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. गुरे अख्खा कडबा खाताना निम्मा पायाखाली तुडवतात. बारीक केला तर तोच कडबा जास्त दिवस पुरतो. मग १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला. काळ्या जमिनीत हरळी खोल मुरते, लाकडी नांगर तिच्या मुळाशी पोहोचत नाही. विलायती लोखंडी नांगर बाजारात होते, परंतु त्यांची किंमत जास्त, आणि फाळ झिजला की नवा येईपर्यंत पेरणीचा हंगाम निघून जाणार. नांगर शेताजवळ झाला तर फाळ दुसऱ्या दिवशी बदलून मिळेल, शेतकऱ्याची तक्रार करणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचेल, आणि पुढचा नांगर त्या तक्रारीमुळे सुधारेल. लक्ष्मणरावांच्या साऱ्या पुढच्या उद्योगाचे बीज मला या विचारात दिसते.

नांगर तयार झाले, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते असा समज पक्का रुजलेला. पहिले चाळीस नांगर जवळजवळ दोन वर्षे पडून राहिले. दुसरा कोणी असता तर त्याने ते भंगारात काढून पुन्हा सायकली विकल्या असत्या. लक्ष्मणराव शेतावर जाऊन नांगर चालवून दाखवत राहिले. एकाने घेतला, त्याचे पीक शेजाऱ्याने पाहिले, आणि हळूहळू मागणी येऊ लागली.

काम बस्तान धरत होते तोच बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कर्मशाळेची जागा सोडण्याची पाळी आली. शहर वाढत होते आणि वाढत्या शहराला लोखंड बडवणारा शेजारी नको होता. हीही शहराची एक रीत आहे. मुंबईने माणसाला जवळ ओढून बाजूला सारले, बेळगावने त्याचे काम वाढू लागताच त्याला वेशीबाहेर काढले. चाळिशी गाठलेला, संसार असलेला माणूस. यंत्रे हलवायला जागा नाही आणि नव्या जागेला भांडवल नाही.

या वेळी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हात दिला. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार, उत्तम कीर्तनकार, गुणी माणसाची पारख असलेले संस्थानिक. लक्ष्मणरावांकडे त्यांनी औंधच्या यमाईच्या देवळातल्या सभामंडपाचे काम सोपवले होते. कारखान्यावर आलेले संकट समजताच त्यांनी संस्थानात कुठेही जागा पाहा असे कळवले. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळजमीन. सोबत १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळाले. १९१० च्या मार्चमध्ये काही कामगार आपली बायकामुले घेऊन या माळावर उतरले. निवडुंगाचे बन, सापांचा सुळसुळाट, पिण्याच्या पाण्याची वानवा. पण पुणे-मिरज लोहमार्ग अंगावरून गेलेला होता आणि भोवती शेतकऱ्यांची गावे होती. लक्ष्मणरावांना ही दोन साधने पुरेशी वाटली. त्या स्टेशनाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले.

माळावर गाव उभे करणे हे कारखाना उभा करण्याहून अवघड. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार अंगावर घेतला, शंभोअण्णा जांभेकर आणि मंगेशराव रेगे यांच्यासारखे साथीदार मिळाले. घरे, रस्ते, शाळा, दवाखाना एकामागून एक आले. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही असा दंडक होता. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणराव रात्रीच्या पहाऱ्यावर नेमत. खेड्यातून आलेला, अक्षरशत्रू असलेला तरुण चारदोन वर्षांत ओतारी, सुतार किंवा कातारी होऊन निघे. आमच्या भाषेत सांगायचे तर लक्ष्मणरावांनी माळावर एक घराणे घातले. घराण्याची पुंजी गळ्यातून गळ्यात जाते, ही हातातून हातात जाऊ लागली.

१९१४ साली महायुद्ध पेटले. विलायती नांगर येईनासे झाले आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी चढली. त्याच वेळी ओतकामाचे लोखंड आणि कोळसा मिळणे कठीण झाले. कारखाना माळावर नेला तरी त्याची नाळ बंदराशी आणि दूरच्या खाणींशी जोडलेली आहे, हे त्या टंचाईने शिकवले. तरीही नांगरांबरोबर चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप असा माल निघत गेला. १९२० साली धंद्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. पुण्या-मुंबईच्या वाचकाला विचार करायला लावणारी मासिके एका रेल्वे स्टेशनाजवळच्या वाडीतून छापून जात होती. शहराकडून खेड्याकडे वाहणारा प्रवाह इतका उलट फिरल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन सुचत नाही.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून अभियंता होऊन १९२६ साली परतले आणि उद्योगाचा पसारा वाढला. १९४१ साली हरिहरला यंत्रांचा कारखाना झाला. १९४६ साली बंगळूरला विजेच्या मोटारी आणि पुण्याला तेलावर चालणारी इंजिने निघू लागली. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीलाही आगी लागल्या. आयुष्यभर उभे केलेले जळताना पाहणे त्या वृद्धाच्या नशिबी आले. कारखाना मात्र पुन्हा सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

या चरित्राचा हिशेब कसा मांडावा? नव्या इंजिनांचा कारखाना वाडीला न होता पुण्याला झाला, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. उद्योग थोरला झाला की त्यालाही पेढ्या, महाविद्यालये, कुशल माणसे आणि राजकारणी यांचा शेजार लागतो, आणि तो शहराकडे झुकतो. माळाची ओढ एका माणसाच्या हयातीपुरती टिकते, शहराची ओढ पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. असे असूनही किर्लोस्करवाडी ओस पडली नाही. तिथे पंप होत राहिले. आणि वाडीच्या इंजिन-पंपांनी ज्या गावांत पाणी खेळवले त्या गावांत ती दुरुस्त करणारे मिस्त्री तयार झाले. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनांची दुरुस्ती करता करता सुटे भाग करणारे, आणि सुटे भाग करता करता ओतशाळा घालणारे कारागीर ठाऊक नाहीत असा कोल्हापूरकर विरळा. बेळगावच्या उद्यमबागेची गोष्टही फारशी निराळी नाही. ज्या बेळगावने कर्मशाळा बाहेर घालवली तिथेच पुढे ओतकाम भरभराटीला आले.

आता याच टापूतली दुसरी उदाहरणे पाहा. निपाणीच्या काळ्या मातीत तंबाखू उत्तम पिकतो, पण त्याचा भाव पिकवणाऱ्याच्या हाती नव्हता, म्हणून १९८१ साली तिथे शेतकऱ्यांना शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर बसावे लागले. राधानगरीकडच्या दुर्गमानवाडीच्या पठारावरून बॉक्साइटच्या गाड्या वर्षानुवर्षे बेळगावच्या अल्युमिना कारखान्याकडे उतरल्या. पठारावर तसे कसब रुजले नाही, कारण दगड काढून देण्यापलीकडचे काम तिथे कधी आलेच नाही. संपत्ती दोन्हीकडून बाहेर गेली, तशी ती किर्लोस्करवाडीहूनही गेली. फरक एवढाच की वाडीत ती घडवून पाठवली गेली, आणि घडवण्याचे कसब मागे राहिले.

गाण्यातही हेच आहे. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात बहरली. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. १९४६ साली त्यांचा अंतही तिथेच झाला. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई त्यांच्याकडे शिकल्या आणि थोर झाल्या. कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. गावाने आधी गाणे दिले, मग जमीन दिली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाची जोती उघडी पडतात आणि लोक आपली जुनी घरे पाहायला जमतात.

म्हणूनच कणकुंबीची मला काळजी वाटते. म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवून ते हुबळी-धारवाडला न्यावे, या योजनेचे काम कणकुंबीला २००६ साली सुरू झाले. गोव्याने हरकत घेतली, २०१० साली लवाद नेमला गेला, आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी पाणी दिले. त्यातले ३.९ टीएमसी कळसा आणि भंडुरा या दोन नाल्यांतून मलप्रभेच्या खोऱ्यासाठी आणि हुबळी-धारवाडसाठी. हुबळीच्या आयाबहिणींच्या घागरी भरू नयेत असे कोण म्हणेल? तहान खरी आहे. गोव्याच्या मांडवीची चिंताही खोटी नाही. पण या साऱ्या हिशेबात पाण्याच्या थेंबाथेंबाची मोजदाद झाली, आणि ज्या गावात ते पाणी पडते त्या गावाच्या पदरात काय राहणार याचा रकाना मला कुठे दिसला नाही. माझे मामा तिथेच शेती करून गेले. मामेभावंडे कामासाठी घाट उतरून गोव्यात जातात, उरलेली बेळगावला. रान, पाऊस, उगमाचे पुण्य, सारे काही गावात आहे. हाताला काम देणारी एक कर्मशाळा तेवढी नाही.

लक्ष्मणराव एकटे काही करू शकले नसते. त्यांना मुंबईने विद्या दिली, लोहमार्गाने वाट दिली, आणि एका लहान संस्थानच्या राजाने जमीन व कर्ज दिले. तिन्ही जुळून आले तेव्हा माळावर गाव वसले. आज राजे नाहीत, त्यांच्या जागी सरकारे आहेत, महामंडळे आहेत, आणि त्यांच्याजवळ १०,००० रुपयांहून पुष्कळ अधिक आहे. पाणी नेणाऱ्या शहराने कणकुंबीसारख्या गावाला पाण्याच्या बदल्यात एखादी तंत्रशाळा, रानमेव्यावर आणि बांबूवर काम करणारा एखादा कारखाना, दोन-चारशे तरुणांना घडवणारी एखादी वाडी द्यावी, ही मागणी फार मोठी नाही. पंतप्रतिनिधींनी ती १९१० साली, कोणी न मागता, पुरी केली होती.